इंग्रजीतले तांत्रिक भाषण : श्रोत्यांचे अडते ते उच्चारांपाशी की मांडणीपाशी?

ताणाबाणा (४ जानेवारी, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात मी रंगाई विभाग सांभाळतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातील एका तांत्रिक परिषदेत मला पंधरा मिनिटे इंग्रजीत बोलायचे आहे. सुती टॉवेलच्या रिॲक्टिव्ह रंगाईनंतर, कापसाला न चिकटलेला रंग काढण्यासाठी जी वारंवार धुलाई करावी लागते, तिच्यात आम्ही पाणी कसे वाचवले, हा विषय आहे. श्रोत्यांत आपल्याकडचे लोक असतीलच, पण तुर्कस्तान, जर्मनी आणि कोरियाचे तंत्रज्ञही असतील.

धागा काढण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यात आपल्या शहरातल्या एका चर्चासत्रात मी लागोपाठ दोन व्याख्याने ऐकली. पहिले वक्ते अमेरिकी वळणाच्या इंग्रजीत पंचवीस मिनिटे कुठेही न अडखळता बोलले. दुसरे गृहस्थ माग दुरुस्तीची कार्यशाळा चालवतात. त्यांचे इंग्रजी मोडके, क्रियापदे मनाला येतील त्या काळात, पण त्यांनी खिशातून झिजलेला पिकर (मागावर धोट्याला फटका देणारा भाग) काढून पहिल्या रांगेत दिला आणि त्याच्यावरच्या खळग्यावरून मागाचा दोष कसा ओळखायचा, एवढेच सांगितले. चहाच्या वेळी सगळा घोळका त्यांच्याभोवती होता. तरीही अभिप्रायाच्या कागदांवर पहिल्या वक्त्यांना जास्त गुण मिळाल्याचे नंतर कळले. आमचे व्यवस्थापक म्हणतात की मी उच्चार सुधारण्याचा वर्ग लावावा. हाताशी चार आठवडे आहेत. ते मी कशावर खर्च करावेत?

कडक_भाकरी (४ जानेवारी, रात्री १०:०५)

चार आठवड्यांत उच्चार बदलतील की नाही, हे मला सांगता येणार नाही. मात्र तेवढ्या काळात घरातली माणसे आपल्याशी बोलणे बंद करतात, हे स्वानुभवाने सांगतो.

निवृत्त_मास्तरीण (५ जानेवारी, सकाळी ७:१५)

मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. वक्त्याचे बोलणे परके वाटणे, ते समजून घ्यायला कष्ट पडणे आणि ते मुळात न कळणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची एकच मोट बांधतो. कॅनडातील मन्रो आणि डर्विंग या संशोधकांनी १९९५ मध्ये चिनी मातृभाषा असलेल्यांचे इंग्रजी बोलणे ध्वनिमुद्रित करून ते इंग्रजी भाषकांना ऐकवले आणि जे ऐकू आले ते लिहून काढायला सांगितले. ज्या वाक्यांचे उच्चार फार परके वाटतात असे श्रोत्यांनी नोंदवले होते, त्यांपैकीही पुष्कळशी वाक्ये त्यांनी शब्दन् शब्द बरोबर लिहिली होती. उच्चार खटकूनही अर्थ पोहोचला होता.

तेव्हा वर्ग लावण्याआधी तुमच्या बोलण्यातले नेमके काय पोहोचत नाही, ते शोधा. आपल्या मराठी वळणाच्या इंग्रजीत माझ्या मते दोन जागा खरोखर घातक आहेत. एक म्हणजे शब्दाच्या आरंभीचे प, ट आणि क. इंग्रजी माणूस तिथे थोडा श्वास सोडतो, आपण सोडत नाही. त्यामुळे आपला 'पिन' त्याला 'बिन' ऐकू येऊ शकतो. दुसरी जागा म्हणजे आकडे. थर्टीन आणि थर्टी, सिक्स्टीन आणि सिक्स्टी यांतला फरक परदेशी कान बराचसा आघातावरून ओळखतात आणि आपण दोन्हींत शब्दाच्या पहिल्याच अवयवावर जोर देतो. रंगाईच्या विषयात आकडे भरपूर असणार, म्हणून हे मुद्दाम सांगते. व आणि डब्ल्यूचा घोळ, 'द'चा उच्चार, गुळगुळीत आर, यांच्या मागे लागू नका. तेवढ्यासाठी कोणी भाषण सोडून जात नाही.

लूम_नंबर_बारा (५ जानेवारी, दुपारी १:३०)

मास्तरीणबाईंविषयी पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो. अर्थ कळणे आणि विश्वास बसणे यांत अंतर आहे आणि धंद्यात दुसऱ्या गोष्टीला मोल आहे. शिकागो विद्यापीठातील लेव-आरी आणि कायसार यांचा २०१० सालचा प्रयोग पाहा. उंटापेक्षा जिराफ पाण्यावाचून जास्त काळ राहू शकतो, अशा धर्तीची किरकोळ विधाने त्यांनी वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकवली. बोलणारा केवळ दिलेले वाक्य वाचतो आहे, हे श्रोत्यांना ठाऊक होते. तरी परक्या उच्चारांतली विधाने त्यांना कमी खरी वाटली. त्यांचे स्पष्टीकरण असे की, ऐकताना मेंदूला जे कष्ट पडतात, त्यांचा दोष आपण नकळत विधानाच्या माथी मारतो.

मी स्वतः परदेशी खरेदीदारांशी बारा वर्षे बोललो आहे. नमुना तोच, दर तोच, पण आमचा मुंबईचा दलाल सांगतो तेव्हा समोरचा मान डोलावतो आणि मी सांगतो तेव्हा तो कागद मागतो. तेव्हा 'उच्चारांनी काही बिघडत नाही' असा दिलासा धागाकर्त्यांना देऊ नये. बिघडते.

निवृत्त_मास्तरीण (५ जानेवारी, दुपारी ३:००)

बिघडत नाही असे मी म्हटलेले नाही. कुठे बिघडते ते शोधा, असे म्हटले आहे. आणि आपला खरेदीदार कागद मागतो, हे तुमच्याच मुद्द्याचे उत्तर आहे. ज्याच्या बोलण्यावर सहज विश्वास बसत नाही, त्याने पुरावा आधी दाखवावा. तो पिकरवाला गृहस्थ हेच करत होता.

अशोक_चौक_ते_आयटी (५ जानेवारी, रात्री ११:२०)

आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी, मामाच्या गावी कन्नड. इंग्रजीचा नंबर पाचवा लागतो. इथे मला कधी कोणी अडवले नाही, कारण सोलापुरात ऐकणाऱ्यालाही समोरच्याच्या भाषेकडे दोन पावले जाण्याची सवय आहे. गड्ड्याच्या जत्रेतला खेळणीवाला एकाच खेळण्याचा भाव गिऱ्हाईक पाहून तीन भाषांत सांगतो आणि तिन्हींत चुका करतो. कोणाचे अडत नाही. पुण्यात नोकरीला गेलो तेव्हा मात्र पहिल्याच सादरीकरणात लोक हसले. आणि इंग्रजीला नव्हे, मध्येच निसटलेल्या एका मराठी वाक्याला!

सांगायचे असे की, श्रोत्याने काय ठरवून यावे, हे आपल्या हातात नसते. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले गेले. आवाज तोच, अमेरिकी बाईचा. पण एका गटाला गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले आणि दुसऱ्याला आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांच्या ध्यानात व्याख्यान कमी राहिले. तिथे उच्चारांचा प्रश्नच नव्हता. आता व्यवस्थापक साहेबांना विचारा की, चेहऱ्याचाही वर्ग कुठे असतो का.

कडक_भाकरी (६ जानेवारी, सकाळी ८:१०)

अण्णा, तो वर्ग नवी पेठेत असतो आणि त्याला सलून म्हणतात.

स्लाइडशून्य (६ जानेवारी, सकाळी ११:४५)

मूळ प्रश्नातली एक गोष्ट अजून कोणी उचलली नाही. गुण पहिल्याला आणि गर्दी दुसऱ्याभोवती, असे का झाले? शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. तिरंगी मांजरे जवळजवळ नेहमी मादीच का असतात, याचे स्पष्टीकरण एकाच बाईंनी दोन तऱ्हांनी दिले. एकदा ताठ उभे राहून, डोळ्याला डोळा देत, सफाईने. दुसऱ्यांदा वाकून, कागद चाळत, अडखळत. सफाईदार चित्रफीत पाहणाऱ्यांना आपण खूप शिकलो असे वाटले. प्रत्यक्ष विचारल्यावर दोन्ही गटांना आठवले ते जवळपास सारखेच. म्हणजे अभिप्रायाच्या कागदावर बहुधा सफाईला गुण मिळतात आणि वक्ता त्यांनाच यश समजून बसतो.

तरीही अडखळणे चालवून घ्यावे, असे मी म्हणणार नाही. घाबरलेला परभाषक वक्ता एक ठरावीक चूक करतो : पूर्ण वाक्ये पडद्यावर घालतो आणि पाठ फिरवून ती वाचतो. श्रोता डोळ्यांनी पुढे जातो, कानांनी मागे राहतो आणि शेवटी दोन्ही सोडून भ्रमणध्वनी काढतो. रिचर्ड मेयर यांनी मल्टिमीडिया शिक्षणाच्या प्रयोगांत दाखवले आहे की, आकृती, तिचे निवेदन आणि तेच निवेदन पुन्हा पडद्यावर लिहिलेले, असे तिन्ही एकदम दिले की शिकणे घटते. माझा सल्ला : पडद्यावर अक्षर नको.

निवृत्त_मास्तरीण (६ जानेवारी, दुपारी १२:३०)

टोपणनावाला जागलात, पण इथे अक्षर हवे. वक्ता आणि श्रोता दोघेही परभाषक असताना दोन-तीन शब्दांची पाटी फार उपयोगी पडते. कोरियाच्या माणसाला 'लिकर रेशो' (कापडाच्या वजनाला लागणाऱ्या पाण्याचे प्रमाण) ऐकू आले नाही तरी वाचता येईल आणि आकडा तर दिसलाच पाहिजे. वाचून दाखवण्याजोगी वाक्ये तेवढी नकोत.

ताणाबाणा (६ जानेवारी, रात्री ९:००)

सर्वांचे आभार. सध्या माझ्याकडे बावीस स्लाइड आहेत. पहिल्या चारांत कंपनीचा इतिहास, संचालकांची छायाचित्रे आणि कारखान्याचे विहंगम दृश्य आहे. त्यांना हात लावायची परवानगी नाही, असे समजून चालावे.

डाळिंबवाला (७ जानेवारी, सकाळी ६:५०)

मी सांगोल्याकडचा शेतकरी. इंग्रजीत भाषण देण्याचा प्रसंग आला नाही, पण ऐकण्याचा आला आहे. काही वर्षांपूर्वी डाळिंबावरच्या तेल्या रोगाविषयी बोलायला एक परदेशी तज्ज्ञ आले होते. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हती. सोबत दुभाषा होता, फर्डा बोलणारा. पाहुणे दोन छोटी वाक्ये बोलायचे आणि थांबायचे, डाग पडलेले पान उजेडासमोर धरायचे, मग भिंग पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे. दुभाष्याने मात्र त्या दोन वाक्यांची दहा केली, त्यांत म्हणी घातल्या, आमची करमणूक केली. घरी आल्यावर आठवत राहिले ते पान. डागाभोवती पाण्यासारखी चकाकणारी कड कशी दिसते, हे मी त्या दिवशी पाहिले आणि दुभाषा काय बोलला ते आज एकही वाक्य सांगता येणार नाही.

आम्हा ऐकणाऱ्यांच्या बाजूने एक विनंती आहे. थांबत जा. इंग्रजी कमी येणाऱ्या माणसाला वाक्य कळायला वाक्य संपल्यानंतरचा वेळ लागतो आणि बोलणारे नेमका तोच वेळ पुढच्या वाक्याला देऊन टाकतात.

लूम_नंबर_बारा (७ जानेवारी, सकाळी १०:२०)

डाळिंबवाले, हा धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रतिसाद आहे. जिराफ मागे घेत नाही, पण आपल्याला पहिला नंबर.

कडक_भाकरी (७ जानेवारी, सकाळी १०:४०)

जिराफ, उंट, मांजरे. उच्चारांवर संशोधन करणाऱ्यांनी एखादा प्रयोग टॉवेलवर केला असता तर धागाकर्त्यांचे काम वाचले असते.

मराठीतच_बोला (७ जानेवारी, दुपारी ४:००)

परिषद महाराष्ट्रात, वक्ता महाराष्ट्राचा, कारखाना महाराष्ट्राचा. मग भाषण इंग्रजीत कशासाठी? मराठीत बोलावे आणि पाहुण्यांना दुभाषा द्यावा. वरच्या प्रतिसादातील शेतकऱ्यांना जे मिळाले, ते तुर्कस्तानच्या तंत्रज्ञांना का मिळू नये?

ताणाबाणा (७ जानेवारी, रात्री ८:३०)

भावना पोहोचली. परंतु आयोजकांनी भाषा ठरवून दिली आहे आणि 'सोपिंग', 'फिक्सेशन', 'एक्झॉस्ट' हे शब्द आमचे कामगारही मराठीत तसेच वापरतात. दुभाष्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न व्यवस्थापकांना विचारण्याचे धाडस माझ्यात नाही.

सिव्हिल_लाइन्सचा_डॉक्टर (८ जानेवारी, सकाळी ७:३०)

सोलापुरात हा विषय निघावा आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव निघू नये, हे बरे नाही. १९१० मध्ये याच शहरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, तिथे चिनी भाषा शिकला, तिथल्या रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागला. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे हे सारे चार वर्षांत घडले. त्यांचे चिनी उच्चार कसे होते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पण शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे डोळे शिक्षकाच्या हातावर असणार, एवढे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकतो.

याची उलट बाजूही सांगतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एका नटाला 'डॉ. फॉक्स' असे नाव देऊन वैद्यकीय शिक्षकांसमोर उभे केले. गेम थिअरी आणि डॉक्टरांचे शिक्षण, असा काहीसा विषय. भाषणात अर्थ असा नव्हताच, नुसती ऐट, विनोद आणि परस्परविरोधी विधाने. श्रोत्यांनी भाषणाची वाखाणणी केली. हा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. शैलीच्या मागे लागणाऱ्या प्रत्येक वक्त्याने तो एकदा वाचावा.

अशोक_चौक_ते_आयटी (८ जानेवारी, सकाळी ९:१५)

एक गोष्ट राहिली : प्रश्नोत्तरे. भाषण पाठ करता येते, प्रश्न पाठ करता येत नाहीत. शिवाय आपले भारतीय इंग्रजी तिथे दगा देते. आमच्या एका बैठकीत एका जर्मन अभियंत्याने आकडे मांडले आणि माझा सहकारी नम्रपणे उठून म्हणाला, 'सर, आय हॅव अ डाउट.' आपण वर्गात 'शंका आहे' म्हणतो, तेवढाच त्याचा अर्थ. जर्मन गृहस्थांना वाटले की त्यांच्या आकड्यांवर अविश्वास दाखवला जात आहे. त्यांनी पाच मिनिटे मोजमापाच्या पद्धतीचा बचाव केला, माझा सहकारी गोंधळून खाली बसला आणि मूळ प्रश्न एवढाच होता की, आलेखातली निळी रेषा कशाची?

म्हणून समोरून आलेला प्रश्न आधी आपल्या शब्दांत परत म्हणावा आणि 'असेच विचारता आहात ना' हे विचारून घ्यावे. विचार करायला वेळही मिळतो. आणि लाख-कोटी वापरू नका. लिटर लाखांत सांगितलेत तर परदेशी श्रोता मनातल्या मनात शून्ये मोजत बसेल.

दिलासा देणारी एक गोष्टही आहे. बेंट आणि ब्रॅडलो यांच्या २००३ सालच्या अभ्यासानुसार, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या श्रोत्याला चांगले इंग्रजी येणाऱ्या परभाषक वक्त्याचे बोलणे इंग्रजी भाषकाच्या बोलण्याइतकेच कळते. कोरिया आणि तुर्कस्तानच्या श्रोत्यांसमोर अमेरिकी वळणाचा काय उपयोग?

स्लाइडशून्य (८ जानेवारी, दुपारी २:१०)

त्या चार अस्पर्श स्लाइडबद्दल मला वाईट वाटते आहे. त्या पडद्यावर असतील तेव्हा त्यांच्याविषयी बोललेच पाहिजे असे नाही. कारखान्याचे विहंगम दृश्य लावा आणि म्हणा की, या शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि आम्ही टॉवेल रंगवतो, ज्याला पाण्यावाचून गत्यंतर नाही. यात एकही कठीण शब्द नाही आणि तुम्ही पाणी का वाचवले, हे तिथेच कळते.

ताणाबाणा (१८ जानेवारी, रात्री १०:००)

गड्ड्याच्या गर्दीत आठवडा गेला, म्हणून उत्तराला उशीर झाला. वर्ग लावला नाही. उपाहारगृहात रंगीत तालीम केली. श्रोते म्हणून आमचे रंगाई पर्यवेक्षक होते, ज्यांना तेलुगू आणि कामापुरते इंग्रजी येते. ते म्हणाले की, मी चुकतो तेव्हा वेग वाढवतो. हे मला ठाऊकच नव्हते. बावीसच्या अकरा स्लाइड केल्या (चार देव्हाऱ्यातच आहेत). शेवटच्या धुलाईचे पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरून नेणार आहे, एक जुन्या पद्धतीची आणि एक नव्या. सोबत दोन्ही पद्धतींचे टॉवेल श्रोत्यांत फिरवायला देईन.

निवृत्त_मास्तरीण (१९ जानेवारी, सकाळी ७:००)

बाटल्या केव्हा उचलायच्या, तेही तालमीत ठरवा. हातात वस्तू आली की माणूस तिच्याशी बोलू लागतो.

ताणाबाणा (९ फेब्रुवारी, रात्री ९:३०)

भाषण झाले. पाण्याच्या वाक्याने सुरुवात केली, तेव्हा मागच्या रांगेतल्यांनीही माना वर केल्या. डाळिंबवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे थांबत गेलो. पहिले दोन विराम मला फार लांब वाटले, नंतर सवय झाली. दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी धरल्या, त्या वेळी कोणी भ्रमणध्वनीत पाहत नव्हते. तुर्की गृहस्थांनी आमच्या पाण्याच्या जडपणाविषयी नेमका प्रश्न विचारला; मी तो माझ्या शब्दांत परत म्हटला, आणि पहिल्या वेळी मला तो चुकीचाच कळला होता, हे तिथे उघड झाले.

मास्तरीणबाईंचा इशाराही खरा ठरला. बाटल्या हातात असताना मी 'वन इज टु सिक्स' असे म्हणालो, म्हणजे एक किलो कापडाला सहा लिटर पाणी. पण आकड्याची स्लाइड तोपर्यंत पुढे सरकली होती. कोरियाच्या एका तंत्रज्ञाने शेवटी उठून विचारले की, सिक्स की सिक्स्टीन? मी मागची स्लाइड लावून बोटाने दाखवले. तोपर्यंत किती जणांनी सोळा लिहून घेतले असेल, कोण जाणे. अभिप्रायाच्या कागदांत दोघांनी 'उच्चार सुधारावेत' असे लिहिले आहे आणि व्यवस्थापकांनी तेवढेच दोन कागद वाचले आहेत. लूम नंबर बारा यांना हे कळवणे आवश्यक वाटले.

लूम_नंबर_बारा (९ फेब्रुवारी, रात्री १०:१५)

आनंद आणि खेद, दोन्ही नोंदवतो. तुर्की गृहस्थांचा पत्ता घेतलात का?

ताणाबाणा (९ फेब्रुवारी, रात्री १०:४०)

घेतला. त्यांनी नव्या पद्धतीचा टॉवेलही मागून घेतला. परतीच्या प्रवासात हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये जुन्या पाण्याची बाटली पिशवीतच फुटली आणि माझी टिपणे निळी झाली.

कडक_भाकरी (९ फेब्रुवारी, रात्री १०:४५)

टिपायला टॉवेल होता ना?

ताणाबाणा (९ फेब्रुवारी, रात्री १०:५०)

होता. जुन्या पद्धतीचा. त्याचाही रंग गेला.